कौशल्याबाईंच्या मागची जागा

तेलगावाहून आत वळलं की चार कोसांवर एक वाडी लागते. तिथल्या दूध संस्थेच्या दारापुढे चिंचेच्या बुंध्याला टेकवून एक काळा फलक उभा केलेला आहे. रोज सकाळचं संकलन संपलं की सेक्रेटरी धुळाजी त्यावर खडूने लिहितो: कोणी किती लिटर दूध घातलं आणि ज्यावर दर ठरतो ते फॅट किती लागलं. नावासकट लिहितो. वाडीत कोणाच्या घरी काय शिजलं हे एकवेळ लपेल, पण कोणाच्या दुधात पाणी पडलं हे नऊ वाजायच्या आत शाळेतल्या मुलांनाही कळलेलं असतं. संस्था निघाली तेव्हापासूनची ही रीत आहे आणि तिच्यावर कोणी रुसत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात, वाडीत टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा त्या दिवसांत, या फलकावर फॅटच्या शेजारी आणखी एक रकाना आला आणि त्यात धर्मराजचं नाव लागलं. धर्मराज दूध घालत नव्हता. तो बीडला एका संगणकाच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होता.

धर्मराज या वाडीचाच, आश्रुबा आणि भिवराबाईंचा धाकटा मुलगा. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे, पाडव्याच्या सुमाराला परत यायचे. त्याचा जन्मही उसाच्या फडाशेजारच्या झोपडीवजा कोपीतला. त्या वेळी बाप ट्रकमध्ये मोळ्या चढवत होता आणि अकरा मोळ्या राहिल्या होत्या म्हणून खाली उतरला नाही, ही गोष्ट धर्मराज फार हौसेने सांगतो. अकरा हा आकडा दरवेळी अकराच असतो. पाचवीपासून तो वाडीतल्या हंगामी वसतिगृहात राहिला. पण त्याआधी आईबापांबरोबर फडावर जायचा तेव्हा ऊसतोडीच्या टोळीतली एक गोष्ट त्याने नीट पाहून ठेवली होती. संध्याकाळी मुकादम सगळ्यांसमोर ओरडून सांगायचा, कोणत्या कोयत्याने किती ऊस तोडला. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आश्रुबाच्या कमरेत कळ भरलेली असली तरी तो त्या वेळी ताठ उभा राहायचा. झालेलं काम चारचौघांत सांगायचं, न जमलेलं पोटात ठेवायचं, हे धर्मराज तिथे शिकला. कोणी शिकवलं नाही, तरी शिकला.

पुढे बीडला राहून त्याने बीसीए केलं आणि एसटी स्टँडच्या मागे, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतल्या कंपनीत लागला. कंपनी वैजिनाथची. वैजिनाथच्या घरी तीन पिढ्या किराणा दुकान; हा एकटाच पाच वर्षं पुण्यात संगणकावर काम करून आला होता. हाताखाली तिघं: बंकट, धर्मराज आणि जगदेवीताई. ताईंचं वय पंचेचाळीस, मुलं कॉलेजात. त्यांचं काम दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं आणि चुका काढायच्या. या चौघांनी मिळून गावोगावच्या दूध संस्थांसाठी एक प्रोग्रॅम केला होता. फॅट मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा थेट संगणकात जायचा आणि सभासदाच्या मोबाइलवर निरोप यायचा.

वैजिनाथने पुण्याहून एक सवय आणली होती. रोज सकाळी दहा वाजता प्रत्येकाने फोनवरच्या ग्रुपमध्ये तीन ओळी लिहायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. सगळ्यांचं सगळ्यांनी वाचायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाडीच्या संस्थेचे अध्यक्ष शहादेवअण्णा टँकरचा अर्ज द्यायला बीडला आले आणि चहाला म्हणून कंपनीत डोकावले. वैजिनाथ तेव्हा ग्रुपवरच्या ओळी मोठ्याने वाचत होता.

"हे कसलं वाचन चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, आमच्याकडे प्रत्येकजण आपलं रोजचं काम सगळ्यांसमोर मांडतो. लपवाछपवी नाही."

"सगळ्यांसमोर म्हंजी कुणासमोर?"

"आम्हा चौघांसमोर."

अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि हसले. "चौघं म्हंजी घरातल्या घरातच झालं की. ह्या धर्मराजच्या मायचं फॅट अख्खी वाडी वाचती. काम तुमी आमचं करता, मग तुमचं फॅट आमाला कावून दिसू न्हाई?"

वैजिनाथला ही कल्पना इतकी आवडली की तो खुर्चीतून उठलाच. पुण्यातही कोणी इथवर गेलं नव्हतं. त्याच दिवशी ठरलं: रोज सकाळच्या तीन ओळी धुळाजीच्या फोनवर पाठवायच्या आणि त्याने संध्याकाळच्या संकलनाआधी त्या फलकावर लिहायच्या. जगदेवीताईंनी चष्म्यावरून पाहत एवढंच म्हटलं, "माझं नाव नुसतं जगदेवी लिहू नका. ताई लावा. त्या भागात माझ्या माहेरची माणसं आहेत."

धर्मराजला मात्र हे नको होतं, आणि त्याला कारण होतं.

वाडीच्या संस्थेत प्रोग्रॅम जोडला होळीला. तेव्हापासून तिथले आकडे मधूनच वेड्यासारखे यायचे. साडेतीन फॅटची गाय एखाद्या सकाळी पावणेपाचावर जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीन. मशीन जुनंच, माणसं जुनीच. नवा काय तो प्रोग्रॅम. त्यामुळे दोष प्रोग्रॅमचा, हे उघडच होतं. अण्णा जाता जाता वैजिनाथला म्हणाले होते, "चोवीस तारखेला आमची सभा हाय. तवर आकडं सुधारलं तर ठीक, न्हाईतर आमची वही बरी." वाडीचं पाहून ठरवू असं म्हणत आणखी सात संस्था वाट पाहत होत्या. वाडी गेली तर त्या सातही जाणार, आणि मग कंपनीत सगळ्यांत शेवटी लागलेल्या माणसाला ठेवायला काम उरणार नव्हतं. तो माणूस म्हणजे धर्मराज.

"हे तू सोडवशील का?" वैजिनाथने विचारलं होतं. "अडत असेल तर सांग, पुण्याच्या मित्राला विचारतो."

"नको सर. जमतं," धर्मराजने सांगून टाकलं.

वाडीने या नव्या रकान्याचा असा काही छंद घेतला की बघत राहावं. संध्याकाळी दुधाच्या किटल्या घेऊन बाया रांगेत उभ्या राहिल्या की धुळाजी खडूने लिहीत लिहीत मोठ्याने वाचायचा, आणि रांग मापं काढायची. "बंकट. काल: बटणाचा रंग निळा केला. आज: बटणाचा रंग हिरवा करणार."

"तीन दिस झालं, एका बटणाला रंग देतंय!" आश्रुबा म्हणाला. "तितक्यात मी खोली रंगवली असती, वरून गेरूचा पट्टा मारला असता."

"फॅट कमी हाय त्याचं," कोणीतरी निकाल दिला.

जगदेवीताई मात्र वाडीच्या लाडक्या झाल्या. त्या जे असेल ते लिहायच्या. 'काल: एकच चूक चार वेळा शोधली, सापडली नाही. डोकं दुखलं म्हणून चारला घरी गेले.' दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फोनवर वाडीतून दोन बायांचे फोन. ताईंना म्हणावं कपाळाला सुंठ उगाळून लावा, आणि उन्हाचं डोक्यावर पदर घेतल्याशिवाय निघू नका.

आणि धर्मराज? 'काल: फॅटच्या आकड्यांवर काम. आज: फॅटच्या आकड्यांवर काम चालू. कुठं अडलं: कुठंच नाही.' दुसऱ्या दिवशीही हेच, तिसऱ्या दिवशीही. ऑफिसात त्याने दोन मशीनं आणवली, पिशवीतलं दूध घालून शंभर वेळा मोजून पाहिलं; आकडा बरोबर यायचा. वाडीत जाऊन पाहणं हाच खरा मार्ग होता. तो दोनदा गेलाही, पण भर दुपारी, रांग नसताना. आपल्या नावाची ओळ लागलेल्या फलकापुढे, आपल्याच भावकीसमोर उभं राहायचं त्याला धाडस होत नव्हतं. रिकाम्या केंद्रात मशीन अगदी शहाण्यासारखं वागायचं.

दर दोन दिवसांनी भिवराबाईंचा फोन यायचा.

"धर्मा, तुजं काम चालू हाय म्हणं."

"हो माय, चालू आहे."

"रोजच चालू हाय. त्या बंकटचं बटण तरी हिरवं झालं."

"माय, माझं काम मोठं आहे."

"मोठं असू दे की. पण चंद्रभागा परवा रांगेत म्हणती, तुज्या पोराचं काम म्हंजी माज्या भाकड म्हशीवाणी, रोज आज हुईल उद्या हुईल. मी म्हणलं, माजं लेकरू कदी अडत न्हाई."

त्या रात्री धर्मराजला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी, बावीस तारखेला, सभा दोन दिवसांवर आली होती. दहाला पाच मिनिटं कमी असताना जगदेवीताई त्याच्या टेबलाशी येऊन बसल्या. हातात त्यांनीच घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. धर्मराज सकाळी काही खाऊन येत नाही हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

"धर्मराज, तुझं 'कुठंच नाही' मी पंधरा वेळा वाचलं," त्या म्हणाल्या. "माझा धंदा तपासायचा. कुठलंही यंत्र पंधरा वेळा एकच उत्तर द्यायला लागलं, तर ते बंद पडलंय असं मी धरते."

"ताई, तो फलक माझी आई ऐकते."

"मग तिला सांग. माझं डोकं दुखलेलं सगळ्या वाडीने ऐकलं. सुंठ चांगली होती, उतार पडला."

त्या उठून गेल्या. धर्मराजने भाकरीचे दोन घास खाल्ले आणि फोन हातात घेतला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. 'काल: काही सुटलं नाही. आज: काय करावं कळत नाही. कुठं अडलं: गाईच्या दुधाला मधूनच म्हशीच्या जवळ जाणारं फॅट का लागतं, ते पंधरा दिवस शोधतोय. ऑफिसात बरोबर येतं, वाडीत चुकतं. चूक माझ्या प्रोग्रॅमची असणार, पण मला सापडत नाही.'

पाठवून झाल्यावर त्याला वाटलं, आता हे धुळाजीमामा मोठ्याने वाचणार आणि माय तिथे एकटी उभी असणार. ते काही बरं नाही. त्याने वैजिनाथला विचारून दुपारची एसटी पकडली.

तो वाडीत उतरला तेव्हा साडेपाच वाजले होते. रांग लागली होती, म्हणजे तिला रांग म्हणायचं तर. पुढचा भाग सरळ होता, मागचाही सरळ होता. मधे कौशल्याबाई आपल्या म्हशीच्या दुधाची मोठी किटली घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीला लागून सहासात बायांचा नुसता गुंता झाला होता. कोपरं चालली होती, किटल्या एकमेकींवर वाजत होत्या. त्या गुंत्यात सगळ्यांत पुढे, कौशल्याबाईंच्या पदराला जवळजवळ चिकटून, भिवराबाई होत्या.

धुळाजी फलकाशी पोचला होता. धर्मराजला पाहून तो क्षणभर थांबला, मग कर्तव्य म्हणून त्याने वाचलं. सगळं वाचलं. 'सापडत नाही' इथे खडू मोडला.

धर्मराज खाली मान घालून वाट पाहत होता की आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. रांगेतल्या बाया आपापल्या किटलीच्या झाकणाकडे बघू लागल्या. चंद्रभागाबाईंना एकाएकी चिंचेवरचे कावळे दिसू लागले.

"धर्मा," भिवराबाईंनी हाक मारली. "हे कवापासून?"

"होळीपासून, माय."

"आन तू म्हणतूस कुठंच अडलं न्हाई?"

"म्हणत होतो."

भिवराबाईंनी किटली खाली ठेवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मोठा श्वास घेतला. "मी हितं कावून उभी हाय, सांग बरं."

"रांग आहे म्हणून."

"रांग तिकडं हाय, बाबा. मी हितं हाय. कौशल्याबाईच्या म्हशीचं दूध समद्यांत दाट. तिच्यामागं आपली किटली लागली की आपल्या गाईला फॅट चढतं. कसं चढतं ते देवाला ठाव. पण चढतं. समद्या बायांना म्हाईत हाय."

"भिवरे!" चंद्रभागाबाई ओरडल्या. "तुज्या पोराचं काम झालं आन आमचं फॅट गेलं!"

मग जो कल्ला उठला त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता, तो कौशल्याबाईंचा. "म्हंजी तुमी माज्यामागं म्हशीसाठी उभ्या राहत हुता? मला वाटलं, महिनाभर माज्याशी बोलायला येताय!"

धर्मराजला मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो मशीनपाशी गेला होता. "धुळाजीमामा, दर चारपाच जणांमागे मशीन पाण्याने धुवायचं असतं ना?"

धुळाजीने टोपी काढली. "असतं की. कागदात लिव्हलंय. पण होळीपासून टँकर लांबला. घागरभर पाणी येतंय संस्थेला, त्यातलंच शाळेला जातंय. एवढ्या येळा मशीन धुवायचं म्हणलं तर शाळेच्या माठात काय घालू? मग मी संकलन संपल्यावर एकदा धुतो. दुधाचं मशीन हाय, दुधानंच धुतल्यावाणी होतंय म्हणलं."

म्हशीच्या दाट दुधाचा अंश मशीनच्या नळीत राहायचा आणि मागून येणाऱ्या गाईच्या नावावर चढायचा. प्रोग्रॅम बिचारा मशीन सांगेल तेच लिहीत होता. खात्री करायला कौशल्याबाईंचं दूध मोजलं, मागून भिवराबाईंचं: चार पूर्णांक आठ. मग एक तांब्या पाणी नळीतून सोडून भिवराबाईंचं पुन्हा मोजलं: तीन पूर्णांक पाच.

"घ्या!" भिवराबाई म्हणाल्या. "माजी गाय पुन्हा गाय झाली."

तेवढ्यात धर्मराजच्या ध्यानात दुसरी बाजू आली आणि त्याने मशीन पुन्हा धुऊन कौशल्याबाईंचं दूध घातलं. रांगेत कौशल्याबाईंच्या पुढेही महिनाभर गाईवाल्याच असायच्या, तेव्हा गाईचं पातळ दूध त्यांच्या म्हशीच्या वाट्याला येत होतं. आकडा फलकावरच्या सकाळच्या आकड्यापेक्षा पाऊणने वर गेला.

"माजं फॅट ह्यांनी खाल्लं गं बाई," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं.

आता प्रश्न पाण्याचा. दर पाच माणसांमागे तांब्या म्हटलं तरी रोजची घागर त्यातच जाणार. यावर तोडगा आश्रुबाने काढला. तो इतका वेळ चिंचेखाली बसून तंबाखू मळत होता. "फडात आमी शेंड्याचं वाढं एकीकडं लावतो, ऊस एकीकडं. मिसळायचंच कावून? गाई आदी मोजा, म्हशी मागून. मधी एक तांब्या, शेवटाला एक तांब्या."

दोन तांब्यांत भागत होतं. धर्मराजने बापाकडे पाहिलं. पंधरा दिवस ऑफिसात दोन मशीनं लावून जे झालं नव्हतं, ते तंबाखूच्या एका चिमटीत झालं होतं. त्याने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. गाईंचं संपून म्हशींचं सुरू होताना संगणकाने धुळाजीला विचारायचं, मशीन धुतलं का. हो म्हटल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचंच नाही. तासाभरात काम झालं. तोवर सगळी वाडी त्याच्या खांद्यावरून बघत होती आणि आश्रुबा नव्याने येणाऱ्याला सांगत होता, "मागं सरका, त्याला उजेड लागतो."

शनिवारच्या दोन्ही वेळा आकडे सरळ आले. रविवारी सभेत वैजिनाथ जातीने हजर होता आणि सोबत जगदेवीताईही. त्यांना बायांनी पुढच्या सतरंजीवर बसवलं आणि डोक्याची चौकशी केली. प्रोग्रॅम ठेवावा हा ठराव विनाविरोध झाला. चंद्रभागाबाईंनी हात जरा उशिरा वर केला इतकंच. बाकीच्या सातांपैकी दोन संस्थांचे अध्यक्ष मागे बसून ऐकत होते. त्यांनी तिथल्या तिथे वैजिनाथला गाठलं.

शहादेवअण्णांनी मात्र धर्मराजला सगळ्यांसमोर उभं केलं. "ते सगळं झालं. पण पंधरा दिस गप कावून बसला बे? पहिल्या दिशी इचारलं असतंस तर त्याच दिशी सांगितलं असतं आमी."

"सांगितलं असतं का, अण्णा?" धर्मराजने बायांकडे पाहिलं. तिकडे खसखस पिकली.

"बरं, तिसऱ्या दिशी सांगितलं असतं. पण तू कावून गप?"

धर्मराजला खोटं सुचलं नाही. "अण्णा, टोळीत एखादा म्हणाला की मला जमत न्हाई, तर मुकादम पुढच्या सालाला दुसरा कोयता बघतो. मला वाटलं, इथंही तसंच."

मांडवातल्या निम्म्या लोकांनी कोयता धरलेला होता.

"ही टोळी न्हाई रं," अण्णा म्हणाले. "ही संस्था हाय. हितं कुणाला जमलं न्हाई म्हणून काढता येत न्हाई, कायदाच तसा हाय. न्हाईतर ह्या धुळाजीला मी कवाच काढला असता."

हसण्यात धुळाजी सगळ्यांत पुढे होता. आश्रुबाने पागोटं सारखं करायच्या निमित्ताने डोळे पुसले आणि शेजाऱ्याला सांगितलं की धूळ फार उडते आहे.

सोमवारी धर्मराज बीडला जायला पहाटेच निघणार होता, पण सकाळचं संकलन बघून जावं म्हणून थांबला. गाईवाल्या बाया एका ओळीत उभ्या होत्या, कोणाचं कोपर कोणाला लागत नव्हतं. भिवराबाईंना तीन पूर्णांक पाच लागलं. त्यांनी तो आकडा मान ताठ ठेवून ऐकला आणि किटली रिकामी करून घेतली. मग घराकडे न वळता त्या म्हशींच्या ओळीकडे गेल्या. तिथे कौशल्याबाई एकट्याच पुढे उभ्या होत्या. मागे दोन हात जागा मोकळी.

"आता कावून आलीस?" कौशल्याबाईंनी विचारलं. "तुजी किटली रिकामी हाय."

"म्हणूनच आले," भिवराबाई म्हणाल्या आणि त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. "त्या दिशी तुज्या सुनेचं सांगत हुतीस, ते निम्म्यावर राहिलं. किटल्यांच्या आवाजात मला धड ऐकूच आलं न्हाई."